झाडोऱ्याचे जागतिक नकाशे आणि आपला सातपुडा: डेटा कुठून घ्यावा, कसा तपासावा?

अनेरकाठ

राम राम मंडळी.

भोंगऱ्या झाला, होळी झाली, आणि आता आमच्या ग्रामसभेनं एक काम माझ्याकडे सोपवलंय. त्यात तुमची मदत हवी, म्हणून हा धागा.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर आणि चोपडा तालुक्यांच्या सीमेजवळ. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. काही वर्षं कुऱ्हाडबंदी पाळली, एका बाजूला चराई थांबवली, नाल्यांवर दगडी बांध घातले. आता व्यवस्थापन आराखडा लिहायचाय आणि त्यात एक साधा प्रश्न आहे: जंगल सुधारतंय का? सुधारत असेल तर कुठे आणि किती? म्हातारी माणसं सांगतात, सुधारतंय. मलाही तसंच वाटतं. पण आराखडा वाचणाऱ्यांना आकडे आणि नकाशे लागतात.

मी शाळेत शिकवतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर घरीच शिकलो, शेपफाइल (हद्दीच्या रेघांची फाइल) करता येते, रास्टर (चौकोनी ठिपक्यांचं चित्र) उघडता येतं. एक दहा मीटरचा जागतिक नकाशा फुकट मिळतो असं कळलं म्हणून उतरवून घेतला. वर आमच्या हद्दीची रेघ टाकली आणि मन खट्टू झालं. वरचा अंजन-सालईचा सगळा उतार त्यात 'गवताळ' नाहीतर 'झुडपं'. आणि खाली नदीकाठी जिथे केळी आहे तिथे मोठमोठे तुकडे 'वृक्ष'! हाच नकाशा आराखड्यात लावला तर वाचणारा म्हणेल, यांचं जंगल शेतात आहे आणि डोंगर उजाड आहे.

तर, दुसरा कोणता नकाशा घ्यावा? २००० सालापासूनचं काही मिळेल का? आणि जगाच्या नकाशांत आपल्या अशा जंगलाला नेमकं काय म्हणतात?

नकाशावाला (जळगाव)

चांगला धागा काढलात भाऊ. जरा सविस्तर लिहितो, कारण हे प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

आधी पिक्सेलचं, म्हणजे चित्रातल्या एका चौकोनी ठिपक्याचं, माप आपल्या भाषेत बसवून घ्या. दहा मीटर बाजूचा एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तीस मीटरचा म्हणजे नऊ गुंठे. मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याचा २५० मीटरचा पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा, म्हणजे पंधरा एकरांहून मोठा. तुमच्या नाल्यावरचा दगडी बांध आणि त्याच्या आजूबाजूला फुटलेली झाडं त्या पंधरा एकरांच्या एकाच आकड्यात विरघळून जातात. पण मोडिस फेब्रुवारी २००० पासून दर सोळा दिवसांचा हिरवेपणाचा आकडा देतो, आणि इतकी जुनी, नियमित नाडी दुसरीकडे सहज मिळत नाही. म्हणून तो गावाच्या एका कोपऱ्यासाठी वापरू नका. अख्ख्या डोंगररांगेचं पावसाळ्यागणिक काय झालं, ते त्याच्यावरून बघा.

आता तयार नकाशे. युरोपच्या अंतराळ संस्थेचा वर्ल्डकव्हर दहा मीटरचा आहे, अकरा वर्गांचा, २०२० आणि २०२१ अशा दोन वर्षांचा. तो युरोपच्याच सेंटिनेल-१ उपग्रहांच्या रडारवर आणि सेंटिनेल-२ उपग्रहांच्या रंगीत चित्रांवर मिळून बनवलाय. दोन वर्षांचे नकाशे आहेत म्हणून वजाबाकी करून 'वर्षात इतकं जंगल वाढलं' असं मात्र लिहू नका. दोन्ही आवृत्त्यांची रीत वेगळी आहे, त्यामुळे दिसणाऱ्या फरकात रीतीचाही फरक मिसळलेला असतो. करणाऱ्यांनीच तसं बजावलंय. अचूकता त्यांच्याच तपासणीत पहिल्या आवृत्तीची ७४.४ टक्के आणि दुसरीची ७६.७ टक्के निघाली. म्हणजे जगभराचा हिशेब धरला तर चारांतला एक पिक्सेल चुकीचा. ही चूक सगळीकडे सारखी वाटलेली नसते. पाणी आणि दाट सदाहरित जंगल ओळखणं सोपं, झुडपं ओळखणं सगळ्यात अवघड. आणि आपला सातपुडा नेमका त्या अवघड पट्ट्यात बसतो.

गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा डायनॅमिक वर्ल्डही दहा मीटरचाच, नऊ वर्गांचा. पण तो वर्षाचा एक नकाशा नाही. २०१५ च्या मध्यापासून सेंटिनेल-२ च्या कमी ढगांच्या प्रत्येक चित्राचा वेगळा नकाशा, आणि प्रत्येक पिक्सेल 'झाड असण्याची शक्यता इतकी, गवत असण्याची इतकी' असं सांगतो. तुमच्यासाठी हा जास्त कामाचा, कारण महिना तुम्ही निवडू शकता.

२००० पासूनचं विचारलंत. मेरिलँड विद्यापीठाचा वृक्षछत्राचा नकाशा तीस मीटरचा, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांवरचा, २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि दरवर्षी पुढे वाढत जातो. ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर जो दिसतो तो हाच. त्यातलं 'झाड' म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच काहीही. 'घट' म्हणजे छत्र पूर्णपणे जाणं. चाऱ्यासाठी फांद्या छाटल्या, सरपणाला बुंधे गेले, जंगल हळूहळू विरळ झालं, हे त्यात उमटत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो घट जशी वर्षवार देतो तशी वाढ देत नाही. तुमचा प्रश्न वाढीचा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. तयार नकाशा शोधणं थांबवा. कच्ची चित्रं घ्या आणि एकच साधा आकडा वर्षानुवर्षं एकाच महिन्यात काढा. लँडसॅटचा संग्रह २००८ पासून सगळ्यांना मोफत आहे. लँडसॅट-५ ची चित्रं २०११ पर्यंत, लँडसॅट-८ ची २०१३ पासून. मधल्या २०१२ साठी फक्त लँडसॅट-७ आहे, आणि त्याच्या चित्रांत मे २००३ पासून काळे पट्टे पडतात, तेव्हा ते वर्ष रिकामं सोडलंत तरी चालेल. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला, तेव्हापासून दर पाच दिवसांनी चित्र मिळतं.

आणि हो, तुमच्या गावासाठी वर्ल्डकव्हरचे दोन तुकडे उतरवावे लागतील. ते तीन-तीन अंशांचे चौकोन असतात आणि ७५ अंश पूर्व रेखांश बरोबर शिरपूर आणि चोपड्याच्या मधून जातो. एकच तुकडा उघडून 'अर्ध्या गावाचा डेटाच नाही' म्हणणारे मी पाहिलेत.

केळीवाला रावेर

मी नकाशातला माणूस नाही, पण केळीचं सांगू शकतो.

केळीला झाड म्हणतो आपण, पण ते झाड नाही. खोड सगळं पानांच्या देठांचं, एकात एक गुंडाळलेलं, लाकूड नावालाही नाही. पण वरून बघणाऱ्याला काय दिसणार? पाच फुटांवर खोड, पानाला पान लागलेलं, खाली जमीन दिसत नाही. ठिबकवर बाग असते, म्हणून मे महिन्यात चारी बाजूंनी सगळं करपलेलं असताना बाग हिरवीगार. आमच्याकडे केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग (तीही केळीचीच) ऑक्टोबरच्या सुमाराला. म्हणजे एकाच शिवारात एक बाग निसवलेली (घड बाहेर पडलेली), दुसरी गुडघ्याएवढी, तिसरीची कापणी चाललेली. वर्षातला एकही महिना असा नाही की आमचं शिवार पूर्ण मोकळं आहे. तुमच्या उपग्रहाला ते बारमाही जंगल वाटलं तर त्यात नवल नाही.

पण एक खूण आहे. बाग काढली की ते वावर मोकळं होतं, नांगरलं जातं. जंगल असं एका महिन्यात मोकळं होत नाही. दोन-तीन वर्षांची चित्रं ओळीनं लावा, केळीचा तुकडा एकदा तरी उघडा पडलेला दिसेलच.

नकाशावाला (जळगाव)

केळीवाले दादा, तुम्ही जे शेवटी लिहिलंत त्यावर लोक अख्खे प्रबंध लिहितात. दोन-तीन वर्षांतला सगळ्यात कमी हिरवेपणा बघायचा. आजवर हे मी एका वर्षाच्या चित्रांवर करत होतो आणि केळीत फसत होतो. मनापासून आभार.

सागपान

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सातपुड्यात विद्यार्थ्यांना घेऊन बरीच वर्षं फिरतेय, म्हणून झाडांच्या बाजूनं लिहिते.

अनेरकाठ सर, नकाशा चुकला असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, तो कोणत्या दिवशीच्या चित्रांवरून शिकला? आपलं जंगल शुष्क पानगळीचं. सागाची पानं जानेवारीपासून झडू लागतात, मार्चपर्यंत उतार काटक्यांचा दिसतो. सालई तर हिवाळ्यातच उघडी पडते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तशीच राहते. पळस पानं टाकून फुलतो. मोह पानं टाकून फुलतो. अंजनाचं वेगळंच, त्याला एप्रिलच्या उन्हात कोवळी तांबूस पालवी येते, शेजारचा साग अजून बोडका असताना. उपग्रहाची लाल आणि अवरक्त अशी दोन मापं असतात. हिरवं पान लाल उजेड खातं आणि अवरक्त परत फेकतं. त्या दोन मापांच्या फरकाला बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. पान नसेल तर वीस फुटांचं झाड उभं असूनही आकडा कोरड्या गवताएवढाच येतो, कारण काटक्यांच्या जाळीतून खालचं कोरडं गवतच दिसत असतं. वर्षभराच्या सरासरीवर बनवलेल्या नकाशात असं जंगल वर्षातले चार-पाच महिने 'नसतं'.

म्हणून आपल्याकडे जंगल मोजायचा काळ दसरा ते दिवाळी आणि त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस. ढग गेलेले असतात, झाडं पानांनी भरलेली असतात, गवत मात्र पिवळं पडू लागलेलं असतं. गवत आणि झाड वेगळं दिसण्याची हीच फट. त्याच्या जोडीला एप्रिलचं एक चित्र घ्या. दिवाळीला हिरवं आणि एप्रिललाही हिरवं ते केळी, ऊस, नदीकाठची करंज-जांभूळ. दिवाळीला हिरवं आणि एप्रिलला उघडं ते आपलं जंगल. दिवाळीच्या आधीच पिवळं ते कुरण. कपाशी मध्ये घोळ घालते, पण डिसेंबर-जानेवारीत तिचा निकाल लागतो.

जगाच्या नकाशात आपल्याला काय म्हणतात, याचं उत्तर. २०१७ च्या निसर्गप्रदेशांच्या (इकोरीजन) नकाशात जगाचे ८४६ भाग आहेत. त्यात सातपुड्याचा उतार नर्मदा खोऱ्याच्या शुष्क पानगळी वनांत येतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिसंस्थांची जागतिक वर्गवारी २०२० ची. त्यात आपण उष्णकटिबंधीय शुष्क वनं आणि झाडोरा या गटात, टी१.२ असा त्याचा क्रमांक. पण या दोन्हींत सीमारेषा इतक्या ढोबळ आहेत की गावाच्या हद्दीत त्या शोधू नका. आराखड्यात 'आम्ही अमुक परिसंस्थेत येतो' हे एक वाक्य लिहायला त्यांचा उपयोग, बस्स. त्यापेक्षा चॅम्पियन आणि सेठ यांची १९६८ ची भारतीय वनप्रकारांची वर्गवारी बघा. वनखात्याचे कागद तीच भाषा बोलतात, त्यामुळे आराखडा वाचणाऱ्याला पाचव्या गटातलं दक्षिणी शुष्क पानगळी वन, असं लिहिलेलं लगेच समजेल.

सह्याद्रीतून

वाखूण साठवली. आमच्याकडे हे उलटं आहे, ढगांमुळे जून ते सप्टेंबर एकही चित्र मिळत नाही. पुढचे प्रतिसाद वाचायला थांबलोय.

साक्रीचा माळ

भो, तुमनं समदं खरं शे, पन गवतनं कोनी सांगत नही.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. अनेरकाठ भाऊ, तुम्हाला 'गवताळ' शब्द दिसला आणि वाईट वाटलं. आमच्याकडे तोच शब्द दिसला तर आम्हाला आनंद होईल, कारण आमच्या माळाला सरकारी कागदावर बहुतेक वेळा 'पडीक' म्हणतात. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशावलीत खुरट्या झुडपांची जमीन हा पडीकाचाच एक प्रकार आहे. आमच्या माळावर शेडा आहे, पवन्या आहे, मारवेल आहे. ठेलारी मेंढपाळ पिढ्यानपिढ्या त्यावर मेंढ्या घेऊन जगले. पाऊस पडला की पंधरा दिवसांत सगळा माळ हलायला लागतो, चंडोल वर चढून गातो. हे पडीक कसं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या कुरणात खड्डे खणले गेले. नकाशावर तिथे झाडं नव्हती म्हणून झाडं लावायची, असा हिशेब. हातभर माती, खाली काळा पाषाण. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली, आणि खड्ड्यांच्या कडेनं आता तरोटा माजलाय. जनावर त्याला तोंड लावत नाही.

म्हणून माझी विनंती. आराखड्यात 'हिरवं वाढलं म्हणजे सुधारलं' हे गृहीत धरू नका. तुमच्या हद्दीत एखादा बरड असेल, पठारावर गवत असेल, तर त्याचा वर्ग वेगळा ठेवा. तिथे झाडं वाढली तर ती कदाचित विलायती बाभूळ असेल.

सागपान

साक्रीचे दादा, तुमच्या खड्ड्यांचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या हातात एक कागद असावा म्हणून सांगते. भारताच्या कोरड्या भागातल्या नैसर्गिक मोकळ्या परिसंस्थांचा एक नकाशा एम. डी. मधुसूदन आणि अबी तमिम वनक यांनी बनवलाय. तीस मीटरचा आहे आणि सगळ्यांना खुला आहे. माळ, कुरण, खडकाळ झुडपी रान यांना 'उरलेली जमीन' न धरता स्वतंत्र परिसंस्था म्हणून दाखवणारा. पुढच्या वेळी कुणी खड्डे खणायला आलं तर ग्रामसभेत तो नकाशा छापून लावा.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालाबद्दलही सांगते, कारण आराखड्यात त्याचा आकडा हमखास टाकला जातो. तो १९८७ पासून साधारण दोन वर्षांनी येतो. त्यात एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही जमीन वनाच्छादन धरली जाते. मालकी कुणाची, झाडं कोणती, हे बघितलं जात नाही. आमराई, बांबूचं बेट, लावलेला निलगिरी, सगळं त्यात येतं. आणि माळ येत नाही. जिल्ह्याचा कल समजायला तो ठीक, गावाच्या जंगलाची प्रकृती त्यातून कळणार नाही.

धडगावकर

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली, वणवा.

आमच्याकडे फेब्रुवारी ते मे धूर असतोच. मोहाखाली फुलं दिसावीत म्हणून पाला जाळतात, ती आग कधीकधी सुटते. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर आगींचे ठिपके चित्र टिपल्यापासून साधारण तीन तासांत येतात, व्हिअर्स या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचे ३७५ मीटरचे आणि मोडिसचे एक किलोमीटरचे. जुने सगळे ठिपकेही उतरवता येतात. वन सर्वेक्षणाकडे नोंद केली तर मोबाईलवर आगीचा संदेशही येतो. मी केलीय. पण खालच्या पाल्यापाल्यानं सरकणारी आग, जी आमची खरी आग, ती उपग्रह वरून जायच्या वेळी पेटलेली असली तरच दिसते. आणि शेतातलं पऱ्हाटीचं जाळणंही तसाच ठिपका होऊन येतं. तेव्हा ठिपका दिसला म्हणजे वणवा, नाही दिसला म्हणजे वणवा नाही, असं दोन्ही म्हणू नका.

ज्या वर्षी उतार जळला, त्या वर्षीची दिवाळीची हिरवळ कमी आली तर तो दोष कुऱ्हाडीचा नाही. आराखड्यात वणव्याची वर्षं वेगळी लिहा.

तापीकाठचा पक्षीवेडा

विषय झाडोऱ्याचा आहे, पण रानपिंगळ्याची, म्हणजे आपल्या दुर्मीळ छोट्या घुबडाची, गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती डेटाचीच गोष्ट आहे.

हा पिंगळा पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला कळवला. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. पण संग्रहात १९१४ चा एक नमुना होता, गुजरातेतल्या मांडवीचं लेबल लावलेला. कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं तो दिला होता. पुढे उघड झालं की तो जुना चोरलेला नमुना होता, पुन्हा भरून त्यावर खोटं ठिकाण आणि खोटी तारीख घातलेली. त्या एका लेबलानं शोधणाऱ्यांची दिशा कित्येक वर्षं चुकवली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी खोटं लेबल बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना पिंगळा दिसला. ११३ वर्षांनी!

अनेरकाठ सर, तुम्ही रानात जाऊन जी नोंद कराल, तिच्यावर तारीख, जागा आणि नोंद करणारा कोण, हे खरं आणि पूर्ण लिहा. उद्या कुणीतरी तिच्या भरवशावर चालणार आहे.

अनेरकाठ

सगळ्यांचे खूप आभार. पंधरा दिवस गप्प होतो, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो.

आधी संगणकावरचं. कोपर्निकस ब्राउझर या सेंटिनेलची चित्रं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर खातं काढलं. तिथे एकही ओळ कोड न लिहिता तारीख निवडून एनडीव्हीआय बघता येतो, हे मला माहीत नव्हतं. मागच्या नोव्हेंबरचं चित्र उघडलं आणि आमचा उतार हिरवा झाला! त्याच उताराचं या एप्रिलचं चित्र शेजारी लावलं, ते पार तपकिरी. आणि नदीकाठची केळी दोन्हींत तशीच. ग्रामसभेत दोन्ही छापून भिंतीवर लावले. एक आजी पुढे आल्या, एप्रिलच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तर होळीचा डोंगर." नोव्हेंबरच्या चित्रावर बोट ठेवलं, "हा दिवाळीचा." एवढ्या पोस्टी वाचून मला जे समजलं, ते त्यांना एका नजरेत कळलं.

मग रानात गेलो. बरोबर तीन पोरं आणि एक गुराखी काका. नकाशातले चाळीस पिक्सेल आधीच ठरवून घेतले होते, वर्गावर्गाला दहा, जिथे सोयीचं तिथेच थांबायचं नाही म्हणून. एका ठिकाणी फोन दाखवत होता 'गवताळ'. आम्ही उभे होतो सालईखाली. राखी-हिरवट साल कागदासारखी सुटलेली, वर एकही पान नाही, आणि खाली गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत, पँटला टोचणारं. आकाशाकडे बघितलं तर फांद्यांच्या मधून सगळं निळं दिसत होतं. तेव्हा कळलं की वरून बघणाऱ्यालाही खालचं गवतच दिसलं असणार. नकाशावरचा राग तिथेच गेला.

पण उलटंही निघालं. ज्या दहा जागा 'गवताळ' होत्या, त्यातल्या पठारावरच्या सहा खरोखर गवताच्याच होत्या. मी त्या सगळ्या मनात 'गेलेलं जंगल' धरून बसलो होतो. काकांनी सांगितलं, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथे गवतच आहे, पावसाळ्यात गावाची गुरं तिथेच जायची. साक्रीच्या दादांचं आठवलं. त्या जागेवर आराखड्यात आता 'वृक्षलागवड' नाही. 'कुरण, पावसाळ्यात दोन महिने चराईबंद' असं लिहिणार आहोत.

एक अडचण. सेंटिनेलचे आकडे मी स्वतः उतरवून काढले, तर २०२२ पासून उतार एकदम कमी हिरवा दिसतोय. सलग प्रत्येक वर्षी. त्या वर्षी आमच्याकडे काहीही घडलं नाही. वणवाही नाही.

नकाशावाला (जळगाव)

भाऊ, घाबरू नका, तुमचं जंगल आहे तिथेच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत एक बदल झाला. प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात एक हजार जास्त मिळवले जाऊ लागले. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला की खालची बेरीज फुगते आणि हिरवेपणा कमी येतो. तुमच्या जुन्या चित्रांत ते हजार नाहीत, नव्यांत आहेत. प्रत्येक चित्राबरोबरच्या माहितीफाइलमध्ये वजा करायचा आकडा लिहिलेला असतो, तो बघा. गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन हिशेब करायची गूगलची सोय) करत असाल तर 'हार्मोनाइझ्ड' लिहिलेला संच घ्या, त्यात हे आधीच सरळ केलेलं असतं. बिगरव्यावसायिक कामाला ते फुकट आहे, फक्त नोंदणी लागते.

क्षेत्रफळ काढताना नकाशा अक्षांश-रेखांशात ठेवून हेक्टर मोजू नका. मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही नकाशापद्धत घ्या, तिचा ४३ उत्तर हा पट्टा, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये ३२६४३ हा क्रमांक लावा. तिन्ही जिल्हे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, त्याच एका पट्ट्यात येतात, त्यामुळे पुढे शेजारच्या गावांचे आकडे जोडायलाही त्रास नाही.

तुमचं चाळीस जागांचं काम फार मोलाचं आहे. किती वर्गात किती बरोबर निघाले त्याचा तक्ता आराखड्यात जसाच्या तसा टाका, चुकलेले पिक्सेलही लपवू नका. चूक किती आहे हे स्वतःहून सांगितलं की उरलेल्या आकड्यावर वाचणारा विश्वास ठेवतो.

धडगावकर

त्या चाळीस जागा पुन्हा सापडतील ना? फोनचा जीपीएस दाट रानात पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो. तो एका पिक्सेलएवढाच फरक आहे. आम्ही खडकावर चुन्याची खूण करतो आणि चारी दिशांना एकेक फोटो काढतो, नेहमी उत्तरेपासून सुरू करून.

अनेरकाठ

एक हजाराचा उलगडा झाला! वजा करून पुन्हा काढलं, २०२२ चा कडा गेला. आता रेषा पावसाप्रमाणे वरखाली होतेय, पण बांध घातलेल्या नाल्याच्या दोन्ही काठांना ती शेजारच्या उतारापेक्षा हळूहळू वर सरकतेय. शेजारचा उतार तोच पाऊस खातो, म्हणून मी दोन्हींतला फरकच मोजला. लँडसॅटवर २००० पासूनचं काम पोरांना वाटून दिलंय, प्रत्येकाकडे चार-चार दिवाळ्या.

चुन्याच्या खुणा या रविवारी करतो. चाळीसही जागा दसऱ्यानंतर पुन्हा बघणार, पानं असताना.

सागपान

दसऱ्यानंतर जाल तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन मी येते. प्रत्येक जागेवर झाडांची नावं, छातीच्या उंचीवरचा घेर आणि खाली उगवलेली रोपं मोजू. अंजनाची रोपं किती टिकली, हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही आणि तुमच्या चराईबंदीचं खरं उत्तर त्यातच आहे.

नकाशावाला (जळगाव)

मीही येतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या जागा वेगळ्या लिहून ठेवा. दिवाळीनंतर सूर्य खाली असतो, उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातो आणि ते उतार सावलीत असतात. तिथल्या आकड्यांसाठी ऑक्टोबरची चित्रं घेऊ, डिसेंबरची नकोत.